औंधच्या संग्रहालयात दीड तास

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेची सहल औंधहून सांगलीकडे परतत होती. बसमध्ये आठवीतल्या एका मुलाला मी विचारलं, "काय रे, संग्रहालयात काय आवडलं?" तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "टीचर, बाहेर बर्फाचा गोळा मिळाला ना, तो."

सगळी बस हसली. मीही हसले, पण मनातून खजील झाले. दोष त्या मुलाचा नव्हताच. साठ मुलं, आम्ही दोघी शिक्षिका आणि त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणं उरकायची. संग्रहालयात मी एकूण तीन वाक्यं बोलले होते: रांग मोडू नका, हात लावू नका, पुढे सरका. पाऊण तासात आम्ही सगळी दालनं 'पाहिली'. घरी आल्यावर स्वतःला विचारलं, तुला काय आठवतंय? मलाही धड काही सांगता येईना.

सातारा जिल्ह्यातलं औंध आमच्या सांगलीकरांना परकं नाही. जुन्या औंध संस्थानचा काही मुलूख आज सांगली जिल्ह्यातच आहे. आटपाडी त्यातलीच, कुंडलही त्यातलंच, आणि किर्लोस्करवाडी वसली ती याच संस्थानने दिलेल्या जागेवर. तिथले शेवटचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, स्वतः चित्रकार होते. संस्थान लहान, उत्पन्न बेताचं, पण चित्रांचा नाद मोठा. जमवलेली चित्रं वाड्यात कुलुपात न ठेवता त्यांनी यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी खास इमारत बांधून लोकांसाठी मांडली. हे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय १९३८चं. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं तिथे आहेत. मुघल, राजस्थानी, पहाडी, विजापुरी अशा शैलींची लघुचित्रं आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं 'माता आणि मूल' हे दगडी शिल्पही आहे. मुंबई-दिल्लीत नव्हे, खटाव तालुक्यात!

पुढच्या वर्षी मी आधी एकटी जाऊन आले. एकटी म्हणजे आमचे हे सोबत होते, पण ते अर्ध्या तासात बाहेर चहाला गेले. मी वही घेऊन बसून राहिले. त्याआधी फोनवर पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाचा एक व्हिडिओ पाहिला होता. मूळचं रेल्वे स्टेशन असलेली ती इमारत १९८६ पासून संग्रहालय आहे आणि मोने, रेन्वार, देगा यांच्या चित्रांसाठी जगभरातून लोक तिथे जातात. मला त्यात चित्रांपेक्षा मुलं जास्त आवडली. शाळेची वीसएक पोरं एकाच चित्रासमोर फरशीवर मांडी घालून बसलेली. त्यांना चित्र दाखवणारी बाई माहिती सांगतच नव्हती. ती विचारत होती, आणि मुलं बोलत होती.

म्हणून ठरवलं, या खेपेला पंचवीसच मुलं, दीड तास आणि फक्त तीन ठिकाणी थांबायचं. बाकीचं संग्रहालय येता-जाता दिसेल तेवढं दिसेल. शिवाय येतील त्या आयांनाही घेऊन जायचं.

आया म्हटल्यावर एकीने आधीच विचारलं, "टीचर, तस्वीर बघायला मुलांना न्यायचं, आपल्यात चालतं का?" प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, सजीवांच्या चित्रांबद्दल आलिम मंडळींत मतभेद आहेत, तो निवाडा करणारी मी कोण? पण झाडं, डोंगर, पाणी अशा निर्जीव गोष्टी चित्रात काढायला हजरत इब्ने अब्बास यांनीच मुभा सांगितली आहे, ते बुखारी शरीफमध्ये आहे. आणि बघणं, ओळखणं हा तर इल्मचाच भाग. ती आली. तिची मुलगी आठवीत, वहीच्या मागच्या पानांवर सतत काहीतरी काढणारी. वडील टेम्पो चालवतात. एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेचा फॉर्म त्यांनी दोनदा परत पाठवला होता. "चित्रं काढून पोट भरतं का?" एवढंच त्यांचं म्हणणं.

पहिला थांबा रविवर्मा. मी विचारलं, "हिच्या अंगावरचं कापड कोणतं?" मुलं गप्प. आया मात्र सरसावल्या. रेशीम म्हणाली एक. दुसरी म्हणाली, "रेशीमच, पण बघा की, पडलंय कसं जडपणानं." मग जर कशी चमकते, ती सोन्याच्या रंगाने रंगवली आहे की नुसत्या पिवळ्या-पांढऱ्या फटकाऱ्यांनी, यावर पंधरा मिनिटं चर्चा. आयुष्यात पहिल्यांदा संग्रहालयात आलेल्या बायका हे बोलत होत्या. कापडातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुसरा थांबा लघुचित्रांपाशी. शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन भिंगं मागून आणली होती, म्हणून मुलांत धक्काबुक्की झाली. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला करून अशी चित्रं काढत, हे सांगितल्यावर तर भिंग कुणी सोडेना. मग विजापुरी शैलीची गोष्ट निघाली. आपला हा सारा मुलूख एके काळी आदिलशाहीत होता. दुसरा इब्राहिम आदिलशाह (राज्यकाळ १५८० ते १६२७) स्वतः संगीतातला जाणकार, त्याने दखनी भाषेत 'किताब-ए-नवरस' लिहिलं, आणि त्याच्या पदरी उत्तम मुसव्विर होते. पुस्तक तयार करताना कातिब मजकूर लिही, मुसव्विर चित्र काढी, तिसरा सोन्याचा हाशिया भरी. एक मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे हे आपल्याकडचं?" मी म्हटलं, "आपल्याकडचंच." त्या पोराने आतापर्यंत संग्रहालय म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरातलं सामान समजलं असावं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

मूरच्या शिल्पापाशी मी काहीच बोलले नाही. हा माणूस खाणकामगाराचा मुलगा, काही काळ शाळामास्तर, एवढंच सांगितलं. पोरं लवकर कंटाळली. आया मात्र तिथून हलेनात.

परत रविवर्म्याच्या दालनातून जाताना अचानक चित्र मंद झालं. वरून दिवसाचा उजेड येतो, आणि बाहेर ढग आला होता. ती वहीत चित्रं काढणारी मुलगी म्हणाली, "टीचर, रंग बदलला." मला आयतीच संधी मिळाली. तिथेच फरशीवर बसवून मोनेची गोष्ट सांगितली. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी एका छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेच्या एका चित्राच्या नावात 'इम्प्रेशन' हा शब्द होता, त्यावरून एका टीकाकाराने सगळ्यांची टिंगल केली आणि तेच नाव त्यांना चिकटलं. मराठीत याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. शब्द अवघड, गोष्ट सोपी: वस्तू नाही, तिच्यावरचा त्या क्षणाचा उजेड रंगवायचा. मोनेने रूआँ गावचं एकच चर्च वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हवेत तिसांहून अधिक वेळा रंगवलं.

मोने औंधला नाही. पण त्याच वाटेने जाणारा आपला माणूस कोल्हापूरला होऊन गेला. आबालाल रहिमान. घराण्यात कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये, नंतर राजर्षी शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. रंकाळा, कोटितीर्थ यांचं पाणी आणि त्यावर बदलणारा उजेड त्यांनी आयुष्यभर रंगवला. १९३१ मध्ये ते गेले. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे? मला स्वतःला बी.एड. होईपर्यंत माहीत नव्हतं.

ज्यांना मुलांना घेऊन जायचंय त्यांच्यासाठी: शासकीय संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, निघण्याआधी फोन करा. शक्य तर सकाळी जा, पोरांना आधी खाऊ घाला, भिंग न्या, आणि पाट्या वाचून दाखवू नका.

परतताना त्या मुलीची अम्मी बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती. वडिलांशी काय बोलणं झालं मला माहीत नाही. फॉर्म मात्र तिसऱ्यांदा भरून आला, त्यांच्या सहीसकट. मुलीने सध्या कृष्णेचा एकच घाट तीन वेळा काढायला घेतलाय. फजरनंतरचा झाला, मगरिबच्या आधीचा झाला. दुपारचा राहिलाय, कारण दुपारी शाळा असते. रविवारी जाऊ म्हणते, तर अब्बांचा टेम्पो रविवारीच भाड्याने लागतो.