एक मीटरची उडी, तीन मजल्यांचा थरार

मातीच्या उंचवट्यावरून सुटलेली रिमोटची बगी मीटरभर उंच उडते, चारही चाकांवर आदळते, एकदा उसळते आणि धूळ उडवत पुढे निघते. गाडी 1:10 मापाची आहे. म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशेबात ही उडी 10 मीटरची, तिसऱ्या मजल्यावरून मारलेली. खरी मोटार तिथून खाली आली, तर थेट भंगारवाल्यालाच बोलवावं लागेल. मग या चिमुकलीला साधं खरचटतही कसं नाही?

लहानपणी हा प्रश्न पडत नाही, तेव्हा गाडी नुसती पळवायची असते. चाळिशी-पन्नाशीत या छंदाकडे परतलेला माणूस मात्र अशाच प्रश्नांत अडकतो, आणि अडकण्यासारखंच काहीतरी तिथे आहे. रिमोटची गाडी ही मोठ्या गाडीची लहान प्रत नाहीच. निसर्गाचे नियम तेच, पण तिच्या आकाराला ते फार वेगळे लागू पडतात.

हिशेब सोपा आहे. लांबी दहापट कमी केली की क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं आणि वजन हजारपट. दीड टनाची मोटार या गणिताने दीड किलोची होते. 1:10 मापाच्या बगीचं वजनही खरोखर दीड किलोच्या आसपासच असतं. पण एखाद्या दांड्याची ताकद ठरते त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि ते कमी झालं शंभरपटच. म्हणजे वजनाच्या मानाने लहान गाडी मोठीपेक्षा दहापट दणकट. त्यात गुरुत्वाकर्षण कुणासाठी लहान होत नाही. एक मीटरवरून पडलेली वस्तू ताशी 16 किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर येते, दहा मीटरवरून पडलेली ताशी 50च्या वेगाने. डोळ्यांना दिसते तीन मजल्यांवरची उडी. गाडीला बसतो तो एका मीटरचा धक्का.

याच कारणाने लहान गाड्या नेहमी घाईत असल्यासारख्या वाटतात. एक मीटर पडायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो, दहा मीटर पडायला जवळजवळ दीड सेकंद. प्रमाण साधारण 1:3. संगणकापूर्वीच्या काळात सिनेमावाले मॉडेलचे अपघात जास्त फ्रेमगतीने टिपत, ते यासाठीच. 1:10 मापाचं मॉडेल तिप्पट गतीने चित्रित करून नेहमीच्या गतीने दाखवलं की ते खऱ्या गाडीसारखं जडपणे कोसळतं.

सर्वांत भारी गंमत मात्र हवेत घडते. बगी उडाली आणि तिचं नाक खाली झुकलं, तर सराईत चालक थ्रॉटल देतो. चाकांखाली जमीन नसते, तरी नाक वर येतं. नाक फार वर गेलं तर तो ब्रेक लावतो आणि नाक खाली येतं. हवेत धरायला काहीच नसताना हे होतं कसं? चाकं एका दिशेने जोरात फिरू लागली की बाकीची गाडी उलट दिशेने वळते; एकूण कोनीय संवेग तेवढाच राहावा लागतो. मोठ्या मोटारीत वजनाच्या मानाने चाकं हलकी, म्हणून हा परिणाम जाणवत नाही. बगीत ती जड असतात आणि मोटर त्यांना क्षणात पळवते. शाळेत फळ्यावर वाचलेला नियम इथे अंगठ्याखाली येतो.

या छंदाला घराघरांत नेणाऱ्या कंपन्यांत जपानमधल्या शिझुओकाची तामिया आघाडीवर. तिची पहिली रिमोट गाडी 1976 ची, 1:12 मापाची पोर्श 934. त्या मॉडेलसाठी शुनसाकु तामिया यांनी खरी पोर्श 911 विकत घेऊन ती सुटी केली होती. 1984 मध्ये आलेल्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या बग्यांनी जपान, युरोप, अमेरिकेतली एक पिढी वेडी केली. आपल्याकडे तेव्हा बहुतेकांच्या वाट्याला आली ती वायरने बांधलेल्या रिमोटची गाडी. ती पिढी कमावती झाली आणि तामियाने हॉर्नेट 2004 मध्ये, ग्रासहॉपर 2005 मध्ये पुन्हा बाजारात आणली. खोक्यात तयार गाडी नसते, सुटे भाग असतात.

जोडायला बसलं की एकेक जुना शोध हाती लागतो. मागच्या धुऱ्यात डिफरन्शियल बसवून झाला की एक चाक हाताने पुढे फिरवून पाहा, दुसरं आपोआप मागे फिरतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ती सोय त्यातल्या दातेरी चाकांनी केलेली असते. पुढची चाकं वळवली तर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा थोडं जास्त वळतं. ही युक्ती घोडागाड्यांसाठी म्युनिकच्या लांकेन्स्पर्गरने शोधली आणि रुडॉल्फ अकरमनने 1818 मध्ये लंडनला तिचं पेटंट घेतलं. शॉक अब्सॉर्बरमध्ये सिलिकॉन तेल भरायचं असतं. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून ते काकवीसारखं सावकाश सरकतं आणि स्प्रिंगची उसळी जिरवतं. तेल दाट की पातळ, यावर गाडीचा स्वभाव बदलतो.

मग येतो रेडिओ. 1898 मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींनी छोटी बोट चालवून दाखवली. सगळ्या रिमोटांची ती पणजी. 80च्या दशकातल्या गाड्या 27 मेगाहर्ट्झवर चालत. त्या पट्ट्यात रंगांनी ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या वाहिन्या होत्या. मैदानात दोघांकडे एकाच रंगाचा, म्हणजे एकाच वाहिनीचा क्रिस्टल निघाला, की एकाने थांबायचं, नाहीतर गाड्या बेभान. आजचे संच 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, आणि त्यांतले बरेचसे सेकंदाला अनेकदा वारंवारता बदलतात. हा बदल कोणत्या क्रमाने व्हायचा ते रिमोट आणि गाडी या दोघांनाच ठाऊक असतं. या कल्पनेचं एक जुनं पेटंट 1942 चं, हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या नावावर. त्यांना शत्रूला चकवणारा टॉर्पेडो हवा होता. त्यासाठी त्यांनी 88 वारंवारता सुचवल्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच.

तेव्हाचं आणि आताचं आणखी एक अंतर बॅटरीत आहे. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत दमायची. वेग कमी ठेवायचा तर जास्तीची वीज रोधकात जाळावी लागे, म्हणून तो रोधक चटका बसण्याइतका तापायचा. आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला हवी तेवढीच देतो. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी यांनी वेग इतका वाढवला, की 2014 मध्ये अमेरिकेच्या निक केसने आपली गाडी ताशी 325 किलोमीटरने पळवली.

या छंदाकडे परत यायचं मनात असेल तर तयार गाडीपेक्षा किट घ्या. जोडताना कळलेली गाडी मोडल्यावर दुरुस्तही करता येते. लिथियम बॅटरी मात्र गंमत नाही. तिच्यासाठी बनवलेलाच चार्जर वापरा, चार्जिंगला लावून झोपू नका, आणि बरेच दिवस वापरायची नसेल तर दर सेलला 3.8 व्होल्टवर ठेवा. गाडी मोकळ्या मैदानात चालवा. दीड किलोचं यंत्र ताशी 40 किलोमीटरने कुणाच्या घोट्यावर आदळलं, तर तिथे आकाराचं कोणतंच गणित कामाला येत नाही.