कोंबडीची कुळकथा : डायनासोरपासून खुराड्यापर्यंत

परसातील कोंबडी आपल्या इतक्या ओळखीची असते की तिच्याकडे निरखून पाहण्याचे कारण सहसा पडत नाही. पण पुढच्या वेळी कोंबडी हातात घ्याल तेव्हा तिचे पाय नीट पाहा. पायांवर सरड्यासारखे खवले असतात. पुढे तीन बोटे, मागे एक आखूड बोट आणि प्रत्येक बोटाला वाकडे नख असते. खडकात उमटलेला मांसाहारी डायनासोरचा पाय आणि खळ्याच्या ओल्या मातीत उमटलेला कोंबडीचा पाय यांची ठेवण एकच आहे, फरक फक्त मापाचा. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. पक्षी हे डायनासोरचे वंशज असून, आजच्या प्राणिशास्त्रानुसार पक्षी म्हणजे डायनासोरांची टिकून राहिलेली एक शाखाच होय.

डायनासोर म्हटले की हत्तीहून कितीतरी मोठा प्राणी डोळ्यांपुढे येतो आणि मग ही गोष्ट पटत नाही. परंतु सर्व डायनासोर अवाढव्य नव्हते. थेरोपॉड नावाच्या गटातील डायनासोर मागील दोन पायांवर चालत. त्यांची हाडे पोकळ होती आणि त्यांपैकी काही जाती जेमतेम कोंबडीएवढ्या होत्या. १९९३ साली आलेल्या ‘ज्युरासिक पार्क’ या चित्रपटातील माणसाएवढा वेलोसिरॅप्टर अनेकांना आठवत असेल. प्रत्यक्षात तो टर्की पक्ष्याएवढा होता. त्याच्या हातांच्या हाडांवर पिसे रुजल्याच्या खुणाही २००७ मध्ये दिसून आल्या आहेत. चित्रपटवाल्यांनी त्याला सरड्याची कातडी चढवली, तेवढी मात्र चूक झाली.

पहिला पुरावा

जर्मनीतील बव्हेरिया भागात झोल्नहोफेन येथे चुनखडीच्या खाणी आहेत. तेथील गुळगुळीत दगड शिळाछापासाठी वापरला जात असे. १८६१ साली या दगडात प्रथम एक पीस व नंतर कावळ्याएवढ्या प्राण्याचा सांगाडा मिळाला. त्याला आर्किऑप्टेरिक्स असे नाव देण्यात आले. तो सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याला पक्ष्यासारखे पिसांचे पंख होते. पण जबड्यात दात, पंखाला नखे असलेली तीन बोटे आणि पाठीमागे मणक्यांची लांब शेपटी होती. त्याच दशकात इंग्लंडमधील थॉमस हेन्री हक्सले यांनी पक्षी व डायनासोर यांचे नाते मांडले. पुढे बरीच वर्षे हा विचार मागे पडला. १९६४ साली अमेरिकेतील मोन्टाना राज्यात डायनोनिकस हा चपळ डायनासोर सापडला. जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या मनगटाची व हातांची हाडे आर्किऑप्टेरिक्सशी ताडून पाहिली असता दोहोंत फारच थोडा फरक आढळला.

शेतकऱ्याला सापडलेला दगड

सर्वांत बोलका पुरावा एका शेतकऱ्याच्या हाती लागला. १९९६ साली चीनच्या ल्याओनिंग प्रांतातील एका शेतकऱ्याने दगडाची एक शिळा फोडली. आत लांब शेपटीच्या लहान डायनासोरचा सांगाडा होता आणि मानेपासून शेपटीपर्यंत बारीक तंतूंची लव स्पष्ट उमटलेली होती. शिळेचे दोन पाट झाले होते. या गृहस्थाने एक पाट बीजिंगच्या संग्रहालयाला व दुसरा नानजिंगच्या संस्थेला विकला! या डायनासोरला सायनोसॉरोप्टेरिक्स म्हणतात. त्यानंतर याच प्रांतात पिसे असलेले डायनासोर एकामागून एक मिळत गेले.

येथे एक मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. पिसे मुळात उडण्यासाठी आलेली नाहीत. एक दिवसाचे पिल्लू पाहा. त्याच्या अंगावर नुसती लव असते. तिच्या आधाराने ते उडू शकत नाही, पण थोडीफार ऊब धरून ठेवते. ल्याओनिंगच्या डायनासोरची लव अशीच होती. आपण पिढ्यानपिढ्या टपोरी कणसे बियाण्यासाठी राखली म्हणून कणसाचा आकार वाढत गेला. निसर्गातही ज्या पिलांना ऊब जास्त मिळाली ती जास्त जगली आणि त्यांचीच वीण पुढे चालली. उबेसाठी व जोडीदाराला दिसण्यासाठी आलेली पिसे लाखो पिढ्यांनंतर उडण्याच्या कामी आली. पोकळ हाडे आणि छातीवरील चिमट्यासारखे हाड हीदेखील उडणे सुरू होण्याच्या आधीचीच आहेत.

खुडूक बसणारा डायनासोर

मंगोलियातील गोबी वाळवंटात १९२३ साली अंड्यांच्या घरट्यावर एका डायनासोरचा सांगाडा मिळाला. अंडी दुसऱ्याची असून हा ती खाण्यास आला असावा, असे समजून त्याचे नाव ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर, असे ठेवले गेले. सत्तर वर्षे हा आळ त्याच्यावर राहिला. १९९३ साली तशाच एका अंड्यात त्याच्याच कुळातील पिल्लू आढळले. पुढे घरट्यावर हातपाय पसरून बसलेले याच कुळातील सांगाडेही मिळाले. बिचारा चोर नव्हता, आपली अंडी उबवीत होता. आपली खुडूक कोंबडी ज्या हट्टाने अंड्यांवरून उठत नाही, तो हट्ट इतका जुना आहे.

अंड्याचीच आणखी एक गोष्ट आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील आहे. कोंबडीच्या एका अंड्यात दुसरे पूर्ण कवचाचे अंडे निघाल्याचे काहींनी पाहिले असेल. तयार झालेले अंडे पुढे न सरकता अंडनलिकेत मागे जाते आणि येणाऱ्या दुसऱ्या अंड्यात गुरफटते. ही विकृती केवळ पक्ष्यांत होते असे मानले जात होते. धार जिल्ह्यातील पाडल्या गावाजवळ टायटॅनोसॉर या शाकाहारी डायनासोरच्या घरट्यात असेच अंड्यात अंडे आढळले, असे दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. टायटॅनोसॉर हे पक्ष्यांचे थेट पूर्वज नव्हेत, दूरचे भाऊबंद होत. पण अंडे तयार होण्याची रीत दोघांत सारखी असावी असे यावरून दिसते.

ज्या खडकांत ही अंडी मिळतात ते लामेटा खडक विदर्भातही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे विपुल सापडतात. त्यांत गवताचे सूक्ष्म अंश असल्याचे २००५ मध्ये दाखवून देण्यात आले. त्या काळी गवत उगवत नव्हते असा तोवर समज होता! नागपूर-चंद्रपूर भागातील शेतकरी बंधूंना विहीर खणताना किंवा नांगरताना हाडासारखा वा चेंडूसारखा वेगळा दगड आढळला, तर तो फोडू नये व विकूही नये. दगड आहे त्या जागीच राहू द्यावा आणि नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास कळवावे. दगड जागेवरून हलला की त्याच्या वयाचा पुरावाही हातचा जातो.

काळ्या मातीचा काळ

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दहा किलोमीटरच्या आसपास व्यासाचा एक लघुग्रह आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळला. धूळ व काजळी यांनी सूर्य झाकला गेला, वनस्पती मेल्या आणि त्यांवर जगणारे प्राणीही गेले. त्याच सुमारास आपल्या दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हारस थरावर थर वाहत होता. सर्वनाशात त्याचा वाटा किती याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. या लाव्हाचा काळा पाषाण झाला आणि तो पाषाण झिजून आपली कपाशीची काळी जमीन तयार झाली. आपला नांगर ज्या मातीत चालतो, तिचा दगड डायनासोरांच्या शेवटच्या काळातला आहे.

या संकटात मोठे डायनासोर गेले, तसेच दात असलेले पक्षीही गेले. वाचले ते चोचीचे काही मोजके पक्षी. जमिनीवर राहणारे आणि चोचीने बी टिपणारे पक्षी तगले असावेत, असे बऱ्याच शास्त्रज्ञांचे मत आहे. झाडे मेली तरी बी मातीत शिल्लक राहते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. बेल्जियममध्ये मिळालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान कवटीत कोंबडी आणि बदक या दोहोंची लक्षणे आहेत. हा पक्षी त्या आघाताच्या थोडा आधी जगत होता. म्हणजे कोंबडीचे घराणे तेव्हाच वेगळे पडण्याच्या मार्गावर होते. आज पक्ष्यांच्या सुमारे ११ हजार जाती आहेत.

आपली पाळीव कोंबडी आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्यापासून आली. थायलंडमधील बान नॉन वाट येथील हाडे आज सर्वांत जुनी मानली जातात. ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. भात व भरडधान्याची शेती सुरू झाली तेव्हा सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबडा वस्तीजवळ आला असावा. कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग मात्र दुसरीकडून आला आहे. तो आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये सिद्ध झाले.

या वारशाचा व्यवहारात उपयोग

अंड्याच्या कवचाचे वजन ५ ते ६ ग्रॅम असून त्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. कवच बनण्यास सुमारे २० तास लागतात आणि त्याचा बराच भाग रात्री, पोटात खाद्य नसताना तयार होतो. त्यावेळी कोंबडी आपल्या हाडांच्या पोकळीतील साठ्यातून कॅल्शियम काढते. हा साठा फक्त अंडी घालणाऱ्या मादीतच बनतो. मोन्टानातील टायरॅनोसॉरस या प्रचंड डायनासोरच्या मांडीच्या हाडात असाच थर असल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. तो डायनासोर मादी होता, हे त्यावरून कळले.

खाद्यातून भरपाई झाली नाही तर कोंबडी प्रथम पातळ कवचाची अंडी देते, नंतर लंगडते व शेवटी बसते. म्हणून अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असावे. परसातील कोंबड्यांना शिंपल्याची जाडसर भरड वेगळ्या भांड्यात दुपारनंतर ठेवावी. जाड भरड पोटात सावकाश विरघळते व रात्री उपयोगी पडते. तलंगांना मात्र हे खाद्य अंड्यावर येण्याच्या सुमारासच सुरू करावे. त्याआधी दिल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो.

दुसरा वारसा श्वासाचा. कोंबडीच्या फुप्फुसांना हवेच्या आठ-नऊ पिशव्या जोडलेल्या असतात व काही हाडांच्या पोकळीतही हवा शिरते. थेरोपॉड डायनासोरांच्या मणक्यांतही अशा पोकळ्या होत्या. या रचनेमुळे फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि प्राणवायू भरपूर मिळतो, पण अमोनिया व धूळही तितक्याच सहज आत खोलवर जाते. गादी ओली राहून शेडमध्ये डोळे चुरचुरू लागले तर त्याआधीच कोंबड्यांना त्रास सुरू झालेला असतो. तूस वरचेवर हलवून कोरडे ठेवावे आणि शेडच्या बाजू पडद्यांनी पूर्ण बंद करू नयेत. कोंबडीला घामही येत नाही. उन्हाळ्यात ती धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकते, तेव्हा दुपारी थंड पाणी व मोकळी हवा मिळेल असे पाहावे.

आपल्याप्रमाणे छाती व पोट यांमधील श्वासपटल कोंबडीला नसते. छातीचे हाड खाली-वर हलले तरच तिला श्वास घेता येतो. लस टोचताना किंवा वजन करताना पंख धरावेत, पायांखाली हात द्यावा, पण छाती दाबून धरू नये. लहान पिल्लू मुठीत घट्ट धरले तर काही क्षणांतच गुदमरते.