दम्याचा पंप : सवय की आधार?

‘डॉक्टरसाहेब, गोळ्या द्या, इंजेक्शन द्या, पण पंप नको. त्याची सवय लागते म्हणतात.’ दवाखान्यात हे वाक्य मी नेहमी ऐकतो.

पंपाची सवय लागत नाही. दमा हा दीर्घकाळ सोबत करणारा आजार आहे, म्हणून औषधही दीर्घकाळ घ्यावे लागते. रोज चष्मा लावणाऱ्याला आपण व्यसनी म्हणतो का?

पंप ‘कडक’ असतो, हाही गैरसमजच. साल्ब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीपुढे पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा औषध असते. गोळी रक्तातून शरीरभर फिरते. म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडते. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते.

मात्र केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर भागवू नये. त्याने आवळलेल्या नलिका मोकळ्या होतात, आतली सूज तशीच राहते. सूज उतरते ती श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडने. बरे वाटले म्हणून ते परस्पर बंद केल्यास पुढचा झटका जिवावर बेतू शकतो.

फवाऱ्याचा पंप आधी हलवावा. श्वास पूर्ण सोडून, पंप दाबतानाच सावकाश आत ओढावा आणि १० अंक मोजेपर्यंत रोखावा. लहान मुले व वृद्धांनी स्पेसर वापरावा. स्टिरॉइडनंतर खळखळून चूळ भरावी.

आणि पंप घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.