दुखत नाही ते दुखणे

गरीब घरची बाई अडाणी, म्हणून ती स्तनाच्या कर्करोगाची तपासणी करून घेत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. नागपुरात विडी वळणाऱ्या व धुणीभांडी करणाऱ्या बायांत संघटनेचे काम करताना आम्हांस निराळेच दिसले.

विडीची मजुरी हजारी मोजतात. मोलकरणीचा खाडा पगारातून कापतात. अशा घरी दवाखान्याची वाट धरण्यापूर्वी एकच प्रश्न असतो : दुखते काय? दुखत नसेल, तर दिवस का बुडवावा? हिशेब चोख आहे. पण या रोगापुढे तो फसतो. स्तनातील गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. आणि तपासणी तर काहीच तक्रार नसताना करावयाची! जेथे रजेचाही पगार मिळतो, तेथे ही गोष्ट घरच्या डॉक्टरांकडून, मैत्रिणींकडून सहज कानी पडते. मिळकत ही अशी माहितीचेही दार उघडते किंवा लावून घेते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांत एक मोठा प्रयोग आरंभिला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटास रोगाची माहिती सांगून पुढे विचारपूस ठेवली. दुसऱ्यास माहिती देऊन शिवाय दर दोन वर्षांनी, चार वेळा, प्रशिक्षित सेविकांनी हाताने तपासले. यंत्र नाही, सुई नाही. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

अर्थात नुसती माहिती पुरत नाही. तपासणारा हात वस्तीत यावा लागतो. सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी ठरविली. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधीतरी स्तनतपासणी झालेल्या शेकडा एकही भरल्या नाहीत. हा आकडा सर्व थरांचा आहे. तेव्हा सुखवस्तूंनीही निर्धास्त राहू नये.

आमची मागणी साधी आहे. तपासणी वस्तीत व्हावी, काम सुटल्यावर सायंकाळी व्हावी. आणि श्रोतेहो, आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईने त्यासाठी दिवस मागितला, तर तो खाडा धरू नका.