मधुमेह-शिक्षणातील स्थलविचार

मधुमेहाचा दैनंदिन उपचार वैद्यापेक्षा रोग्याच्याच हाती अधिक असतो. यास्तव आरोग्यसेवकांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात औषधयोजनेइतकेच महत्त्व रोग्यास शिकविण्याच्या शास्त्रास आहे. हे शिक्षण स्थलनिरपेक्ष असू शकत नाही. लवळे येथील सिंबायोसिसचे विद्यापीठीय रुग्णालय ज्या तालुक्यात आहे, त्या मुळशीच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

पहिला प्रश्न मापाचा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुण्याजवळील खेड्यांतील अर्भकांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलोग्रॅम आढळले. भारतीय अर्भकांत स्नायू पुष्कळ कमी, परंतु त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. हीच शरीररचना प्रौढांतही आढळते. तेव्हा कृश शेतकऱ्यास मधुमेहाचे भय नाही, असे मानणे चूक होय.

दुसरा प्रश्न आहाराचा. मुळशी हा आंबेमोहोराचा प्रदेश. तेथे ‘भात सोडा’ हा उपदेश व्यर्थ ठरतो. भात बेताने घेऊन डाळ, उसळ व पालेभाजी वाढविणे शक्य असते.

तिसरा प्रश्न पायांचा. दीर्घकालीन मधुमेहात तळपायांची संवेदना मंदावते. भातलावणीत अनवाणी चिखलात उभ्या असलेल्या रोग्यास काटा रुतल्याचे कळत नाही. जखम चिघळते व प्रसंगी पाय गमवावा लागतो. दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने होणारी संवेदना-परीक्षा काही मिनिटांचीच असते. ती लावणीपूर्वी करणे, आणि रोज सायंकाळी पाय धुऊन तळवे पाहण्याची सवय रोग्यास लावणे, यातच या शिक्षणाची खरी कसोटी आहे.