लोखंडाच्या सांगाड्याची वास्तू

नवी मुंबईत नव्या इमारतीचे काम चाललेले तुम्ही पाहिले असेल. प्रथम खांब व तुळया उभ्या राहतात. भिंती मागाहून येतात. अशाच रीतीच्या एका फार जुन्या इमारतीची ही हकीकत आहे. वाशीहून आगगाडीने खाडी ओलांडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे व दक्षिणेकडे चालू लागावे. थोड्याच वेळात काळा घोडा हा भाग लागतो. तेथे रस्त्याच्या कोपऱ्यावर ती उभी आहे. आज तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. पूर्वी ते वॉटसन्स हॉटेल होते.

जुन्या घरांत सारा भार भिंती वाहत. त्यामुळे घर जितके उंच, तितकी तळाची भिंत जाड करावी लागे. जॉन वॉटसन या व्यापाऱ्याने निराळाच मार्ग धरला. रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने आराखडा केला. त्याप्रमाणे इंग्लंडात बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग तयार झाले. सुएझचा कालवा अद्याप खुला झाला नव्हता. सारे लोखंड आफ्रिकेला वळसा घालून जहाजांतून मुंबईस आले आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडले गेले. भार सांगाड्यावर पडल्यामुळे भिंती हलक्या ठेवता आल्या व रस्त्याच्या बाजूस मजल्यामजल्यावर सज्जे काढता आले.

१८९६ साली मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक येथे उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांचे वर्णन त्याने मोठ्या चवीने केले आहे! त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे येथे दाखविण्यात आली. तिकीट एक रुपया होते. हिंदुस्थानातील चित्रपटाचा आरंभ येथूनच मानतात.

पुढे हॉटेल बंद पडले. प्रशस्त दालनांत आडभिंती घालून लहान खोल्या पाडण्यात आल्या. वकिलांच्या कचेऱ्या, दुकाने व बिऱ्हाडे त्यांत आली. भार वाढला आणि डागडुजी मात्र राहून गेली. सागरी हवेत लोखंड लवकर गंजते. २००५ च्या जुलैत सज्जाचा भाग कोसळून एकाचा बळी गेला. अखेर २०१९ साली इमारत रिकामी करण्यात आली.

ती पाडावी, असा सल्ला काही तज्ज्ञांनी दिला. वास्तुरक्षणाच्या जाणकारांना तो पटला नाही. सुटे भाग आणून जोडलेल्या वास्तूचा गंजलेला भाग काढून तेथे दुसरा बसवता येतो. परंतु रस्त्यावरून जाणाऱ्याच्या जिवाला धोका न होता हे काम कसे करावे, हा प्रश्न सोपा नाही.