वळवाच्या वाटेवरचा रंगमंच

रायपुरात एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावर नाटकाची तालीम घ्यायची तर संध्याकाळच गाठावी लागते. दुपारी पारा अनेकदा ४२ अंशांच्या पुढे असतो आणि मंचाच्या फरशीवर पाय ठरत नाही. पण वळवाचीही वेळ हीच. बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा तापलेल्या जमिनीवरून वर चढते, दुपारभर ढग फुगत जातात आणि नटमंडळी जमेपर्यंत वावटळ सुटते. चाहूल सगळ्यांत आधी लागते ती तबलजीला. हवेतला दमटपणा वाढला की पुडी सैल पडते, सूर उतरतो. हातोडीने चढवलेला स्वर पुन्हा खाली येतो. मग विजा, मग धावपळ.

छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्याला ही धावपळ फारशी ठाऊक नव्हती. चार खांब, वर चांदवा, तीन-चार बाजूंनी प्रेक्षक आणि रात्रभर खेळ. हंगाम मात्र धानाच्या कापणीनंतरचा. पावसाळ्यात तेच नट शेतात रोवणी करत असत. ‘खडे साज’ प्रकारात वादक वाद्यं कमरेला बांधून उभ्यानेच वाजवत. विदर्भातली खडी गंमत पाहिलेल्याला हे दृश्य परकं वाटणार नाही. आपल्या झाडीपट्टीची नाटकंही दिवाळीनंतरच उभी राहतात. आभाळाशी भांडण नको, हे या मंडळींनी वेळापत्रकातच ठरवून टाकलं होतं.

रायपुरात १९२३ साली जन्मलेल्या नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांना या मोकळेपणाचं मोल उशिरा उमगलं. नाचाच्या नटांना ते आखीव हालचाली शिकवू पाहत आणि नट अवघडत. चहूबाजूंच्या प्रेक्षकांत वाढलेल्या माणसाला चौकटीच्या मंचावरचं डावं-उजवं काय कळणार? १९७३ च्या रायपूर शिबिरात त्यांनी नटांना त्यांची बोली आणि त्यांची चाल परत दिली. त्यातून ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दमाद’ उभं राहिलं. १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आलं. माझ्या मते भारतीय रंगभूमीवरचं हे फार मोठं ऋण आहे.

नाट्यशास्त्राने उलटा मार्ग सांगितला: नाट्यगृह डोंगरातल्या गुहेसारखं असावं, वारा आत घुसू नये, आवाज घुमावा. याच राज्यात, सरगुजातल्या रामगडावर, सीताबेंगा नावाची कोरीव गुहा आहे. ती प्राचीन नाट्यशाळा असावी असं काही अभ्यासक मानतात. याबद्दल वाद आहे.

आजचा खुला मंच मात्र दोन्हींच्या अधेमध्ये अडकला आहे. छत नाही, पण लोखंडी कमानी, दिवे, ध्वनिक्षेपक आणि जमिनीवरून गेलेल्या वायरी आहेत. शिवाय शाळांच्या सुट्ट्यांमुळे शिबिरं भर उन्हाळ्यात. अशा मंचावर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज जेमतेम १० किलोमीटरवर आहे. तेव्हा प्रवेश अर्धा टाकून पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. लहान मुलांच्या शिबिरांसाठी मी आणखी एक आग्रह धरेन. तालीम पहाटे साडेपाचला सुरू करा. त्या वेळी फरशी निवलेली असते आणि वळवाचे ढग सहसा नसतात.